७६ वर्षांच्या बाबांसाठी गाडी : गुडघा, मान आणि पोर्च सांभाळून कोणती घ्यावी?

सातारकन्या

नमस्कार मंडळी. आईबाबा साताऱ्यात, मी पुण्यात. बाबांना ७६ पूर्ण झाली. चाळीसेक वर्षं गाडी चालवताहेत आणि अजूनही नीट चालवतात. मी घरी गेले की शेजारी बसते, त्यामुळे हे खात्रीने सांगते. अडचण शरीराची आहे. उजव्या गुडघ्याचं सांधेरोपण होऊन दोन वर्षं झाली, तो पाय आता मजबूत आहे. डावा गुडघा पार झिजलाय आणि त्याचं ऑपरेशन त्यांना नको आहे. राजपथावरच्या गर्दीतून क्लच दाबत घरी येईपर्यंत तो सुजतो. मान उजवीकडे जेमतेम वळते. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे, त्यामुळे हँडब्रेकचं बटण दाबणं रोज त्रासाचं होतं. उंची पाच फूट दहा इंच.

आई वॉकर घेऊन चालते. तिला फिजिओथेरपीला, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, देवळात, मावशीकडे नेणं हे सगळं बाबांकडे. सध्याची गाडी जुनी झेन. सीट इतकी खाली की बसताना बाबा त्यात पडतात आणि उतरताना चौकट धरून स्वतःला ओढून काढतात. परवा उतरताना तोल गेला, शेजारचे काका होते म्हणून सावरलं. तेव्हापासून मला चैन नाही.

बजेट ऑन रोड दहा-साडेदहा लाख. वापर शहरातलाच. पुण्याला यायचं असेल तर मी न्यायला जाते. क्लच नसलेली गाडी हवी एवढं ठरलंय. एका शोरूममध्ये गेलो होतो. विक्रेत्याने अर्धा तास सनरूफ आणि स्क्रीन दाखवली, पण बाबांना एकदाही "काका, बसून-उतरून बघा" म्हणाला नाही. म्हणून तुम्हाला विचारतेय. मॉडेलची नावं सांगाच, पण त्याआधी नेमकं काय पाहायचं ते सांगा.

रानवाटा

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मान वळत नाही, एक गुडघा गेलेला, उतरताना तोल जातो. अशा वेळी नवी गाडी घेण्यापेक्षा ओळखीतला ड्रायव्हर बघा. साताऱ्यात तासावर येणारे ड्रायव्हर मिळतात. रिक्षाही आहेत. जोखीम एकट्या बाबांची नाही, रस्त्यावरच्या बाकीच्यांचीही आहे.

चालक आजोबा

रानवाटा, मी स्वतः ७८ चा आहे आणि सांगलीत रोज गाडी चालवतो, म्हणून बोलतो. तुमची काळजी खरी आहे. रस्त्यावरच्या इतरांचा विचार आधी झालाच पाहिजे. पण ड्रायव्हर सकाळी दहाला सांगितला की अकराला येतो, आणि रात्री बायकोच्या छातीत दुखलं तर येतच नाही. आमच्या वयाच्या माणसाकडून गाडी काढून घेतली की त्याचं बाहेर पडणंच संपतं. आधी नाट्यगृह सुटतं, मग मित्र सुटतात, मग माणूस खुर्चीत बसून राहतो. माझ्या ओळखीत असं झालेलं मी पाहिलंय.

या ताईंच्या वडिलांची नजर आणि डोकं शाबूत असेल, आणि तक्रार फक्त डाव्या पायाची, अंगठ्याची आणि मानेची असेल, तर त्या तिन्हींवर योग्य गाडी हा खरोखर उपाय आहे. नजर किंवा भान कमी झालं असेल तर मात्र कुठलीच गाडी उपाय नाही. हा फरक आधी करा.

आणि ताई, एक विनंती. गाडी तुम्ही निवडून बाबांना भेट देऊ नका. त्यांना निवडू द्या.

नाशिकची फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सांधेरोपण झालेले रुग्ण गाडीत कसे बसतात-उतरतात हे शिकवणं माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्वात आधी सीटची उंची. बाबांना गाडीच्या दाराशी सरळ उभं करा. सीटची वरची कड त्यांच्या गुडघ्याच्या वाटीच्या थोडी वर यायला हवी, म्हणजे बसताना खाली पडावं लागत नाही आणि वर चढावंही लागत नाही. लोक झेनसारख्या गाडीतून एकदम उंच एसयूव्हीकडे उडी मारतात. तिथे पाय उचलून चढावं लागतं, आणि झिजलेल्या गुडघ्याला चढणं बसण्यापेक्षा जड जातं. तुम्हाला मधली उंची हवी.

मग दाराचा उंबरा. काही गाड्यांत तो रुंद आणि उंच असतो, पाय आत घेताना टाच अडकते. त्यानंतर दाराच्या चौकटीची वरची कड. पाच फूट दहा इंचाच्या माणसाला मान न वाकवता डोकं आत न्यायचंय आणि तुमच्या बाबांची मान आखडलेली आहे. उतरतं छप्पर असलेल्या गाड्या त्यामुळे बाद धरा. सीटच्या कडांना वर आलेला जाड फुगवटा असेल तर बाजूला सरकता येत नाही, तो हाताने दाबून बघा. कापडी सीटवर कपडा अडकतो, रेक्झिनसारख्या कव्हरवर सरकणं सोपं जातं.

बसण्याची पद्धतही बदलावी लागेल. आपण सगळे एक पाय आत टाकून मग बसतो. त्यात सगळा भार एका गुडघ्यावर येतो आणि तो पिळवटतो. त्याऐवजी गाडीकडे पाठ करायची, दोन्ही पाय जमिनीवर, मागे हात टेकवून बसायचं, डोकं किंचित झुकवायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवायचे. उतरताना याच्या उलट. चालकाला मध्ये स्टिअरिंग येतं, म्हणून गाडी बंद केल्यावर, उतरण्याआधी सीट पूर्ण मागे सरकवायची आणि स्टिअरिंग वर करायचं. सीट सरकवण्याचा दांडा बाबांच्या बोटांना झेपतो का, हेही शोरूममध्येच कळेल.

आता सर्वात महत्त्वाचं. शोरूममध्ये सगळे *बसून* बघतात. तुम्ही *उतरून* बघा, आणि तेही अर्धा तास चालवल्यानंतर. झिजलेला सांधा एका जागी राहिला की आखडतो. बसल्या बसल्या लगेच उतरणं आणि अर्ध्या तासाने उतरणं यात फार फरक पडतो. पडण्याची भीती असते ती तेव्हाच.

आधारासाठी दाराच्या कुलपाचा जो यू आकाराचा लोखंडी हूक चौकटीत असतो, त्यात अडकवायची मूठ मिळते. चालकाच्या बाजूला छताला मूठ बऱ्याच गाड्यांत नसतेच, त्यामुळे ही कामाला येते. दारावर भार देऊन मात्र उठू नये, दार हलतं.

उशा घालून सीट उंच करण्याचा मोह होईल. चालकाच्या सीटवर सुटी, सरकणारी किंवा गोल फिरणारी उशी अजिबात ठेवू नका. ब्रेक मारताना ती घसरते आणि पट्टाही जागेवरून हलतो. छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर हवं, एअरबॅग उघडायला तेवढी जागा लागते.

मिरजकर

फिजिओताई, हा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवतोय. आईसाठी हवाच होता.

कोल्हापूर गॅरेज

गेअरबॉक्सबद्दल मी लिहितो. "ऑटोमॅटिक" या एका नावाखाली तीन-चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि तुमच्या बाबतीत तो फरक महत्त्वाचा आहे.

एएमटी म्हणजे आतून साधा मॅन्युअल गेअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गेअर टाकायचं काम यंत्र करतं. स्वस्त, मायलेज चांगलं, दुरुस्ती सोपी. गेअर बदलताना किंचित झोल जाणवतो. वॅगनआर, पंच, एक्स्टर, आय टेन निऑस यांत हीच मिळते. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गेअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं, त्यामुळे चढावर गाडी मऊ सुटते. ब्रेझा आणि फ्राँक्सच्या टर्बोमध्ये आहे, पण तुमच्या बजेटच्या वर जाईल. सीव्हीटीत पट्टा आणि पुली असतात, गेअरचे टप्पेच नाहीत, सर्वात गुळगुळीत. मॅग्नाइट टर्बो, कायगर टर्बो, अमेझ यांत मिळते. अमेझ सेडान आहे, खाली बसते, तुम्ही सोडून द्या. दोन क्लचवाली डीसीटी मजा देते, पण कोरडे क्लच रांगत्या गर्दीत तापतात. तुम्हाला तिची गरज नाही.

आता अंगठ्याचा मुद्दा. या छोट्या गाड्यांच्या एएमटीत सहसा "पी" म्हणजे पार्किंगचा खाचा नसतो. आर, एन, डी आणि मॅन्युअल एवढंच. म्हणजे गाडी उभी करताना हँडब्रेक ओढावाच लागतो, आणि तुमच्या बाबांना नेमकं तेच जड जातं. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये पी असतो. चढावर तिथेही हँडब्रेक लावायचाच, पण सपाटीवर सगळा भार त्या एका बटणावर राहत नाही. बटण दाबून लागणारा इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक या बजेटमध्ये क्वचित मिळेल, मिळाला तर घ्या.

हँडब्रेक सोडायची युक्ती सांगतो. दांडा आधी अर्धा इंच वर ओढायचा, मग बटण दाबायचं. दात्यावरचा ताण निघतो आणि बटण हलकं होतं. अंगठ्याऐवजी तळहाताच्या टाचेने दाबलं तरी चालतं.

दुसरं, तुमचा पोर्च कसा आहे? रस्ता आणि पोर्च यांत चढ असेल आणि रिव्हर्समध्ये चढवायची असेल, तर एएमटीची परीक्षा तिथेच होते. हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर जागीच धरणारी सोय, आहे का ते बघाच.

किमतीचं : २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला. त्याआधीचे कोणाचे कोटेशन बघून गणित करू नका.

सातारकन्या

फिजिओताई, गॅरेजवाले दादा, खूप आभार. "पी" नसतो हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

पोर्च मोजला. आतली रुंदी साडेआठ फूट, उजवीकडे भिंत, डावीकडे व्हरांड्याची पायरी. फाटकाशी उतार आहे आणि तो तसा तीव्र आहे, आतली फरशी सपाट. झेन नाकाने आत घातली की बाबांचं दार भिंतीकडे येतं आणि अर्धंच उघडतं. माझ्या मते निम्मा त्रास तिथेच आहे. आईला मात्र डावीकडे पायरी जवळ पडते.

मिरजकर

ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्याकडे पंच आहे. तिची दारं काटकोनात उघडतात, मोकळ्या जागेत आईला त्याचा खूप उपयोग होतो. पण गाडी १७४२ मिमी रुंद आहे. वॅगनआर १६२०. तुमच्या साडेआठ फुटांत, म्हणजे साधारण २५९० मिमीमध्ये, हा बारा सेंटिमीटरचा फरक बाबांच्या गुडघ्याला कळेल. भिंत मध्ये आली की काटकोनात उघडणाऱ्या दाराचा काही फायदा उरत नाही. दार किती उघडतं यापेक्षा *तुमच्या* पोर्चमध्ये किती उघडतं ते बघा.

आणि गाडी उलटी आत घातली तर? मग चालकाची बाजू व्हरांड्याकडे येईल आणि भिंत डावीकडे जाईल. आईला आधी फाटकापाशी उतरवावं लागेल, एवढंच.

सातारकन्या

उलटी घालायची तर मान! आणि आई फाटकापासून उतारावर वॉकर घेऊन चालणार, ते मला नको वाटतं.

कोल्हापूर गॅरेज

उतार तीव्र असेल तर गवंड्याला बोलवा आणि तो लांबवून घ्या. गाडीच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही, आणि वॉकरलाही तोच उतार सोपा होईल. जागा असेल तर भिंतीच्या बाजूची कुंड्या-कट्टे काढून टाका. लोक गाडीवर दहा लाख घालतात आणि पोर्चमधली तुटकी फरशी तशीच ठेवतात. माणूस पडतो तो तिथे.

चाकावरची सई

मला लहानपणी पोलिओ झाला, मी हाताने चालवायच्या कंट्रोलची गाडी चालवते. धागा वयस्कर चालकांचा आहे, तरी एक गोष्ट लिहून ठेवते, कारण पुढे कोणी हा धागा शोधत येईल.

*उजवा* पाय अधू असेल तर नुसती ऑटोमॅटिक पुरत नाही. तेव्हा डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर किंवा ब्रेक-ॲक्सिलरेटरचे हाताचे दांडे लागतात. ते ओळखीच्या वेल्डरकडून बसवून घेऊ नका. मान्यताप्राप्त किट, आरटीओची परवानगी, आरसी बुकात नोंद, परवान्यावर अनुकूलित वाहनाची नोंद आणि विमा कंपनीला लेखी कळवणं, हे सगळं लागतं. यातलं एक जरी राहिलं तर अपघातानंतर दावा अडकतो. दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर आरसीवर मालकीचा प्रकार "दिव्यांगजन" असा नोंदवता येतो, २०२० पासून ती सोय आहे. टोल आणि करातल्या सवलती त्याच नोंदीवर अवलंबून असतात, म्हणून गाडी घेतानाच आरटीओत विचारून घ्या, नंतर धावपळ होते.

सातारकन्या, तुमच्या बाबांचा उजवा पाय चांगला आहे म्हणालात. तरी सर्जनना एकदा विचारा की जोरात, अचानक ब्रेक दाबायला तो गुडघा पुरेसा आहे का. रोजचं चालणं वेगळं आणि इमर्जन्सी ब्रेक वेगळा.

औषधवाले काका

फार्मसीत आयुष्य गेलं. गाडीच्या आधी औषधांची पिशवी उघडा. सर्दीच्या काही गोळ्या, झोपेच्या गोळ्या, स्नायू सैल करणारी औषधं, नसांच्या दुखण्यावरची काही औषधं यांनी पेंग येते, आणि ही औषधं या वयात संधिवाताबरोबर हमखास असतात. मधुमेह असेल तर दोन गोष्टी. साखर अचानक उतरली तर चालवताना भान जातं, म्हणून जेवणाची वेळ टाळून निघू नये आणि गाडीत साखर-बिस्किटं असावीत. आणि तळपायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर पेडल किती दाबलं गेलं ते पायाला कळत नाही. हे लक्षण माणूस स्वतःहून सांगत नाही, विचारावं लागतं.

डोळे : मोतीबिंदूत समोरच्या दिव्यांचा झगमगाट असह्य होतो. काचबिंदूत बाजूचं दिसणं हळूहळू जातं आणि माणसाला पत्ता लागत नाही, कारण समोरचं नीट दिसत असतं. मान वळत नसलेल्या चालकाला बाजूचं दिसणं दुप्पट महत्त्वाचं. दृष्टिक्षेत्राची तपासणी मागून घ्या, नुसता चष्म्याचा नंबर पुरत नाही.

परवाना : पंचावन्न ओलांडल्यावर नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांसाठीच होतं आणि डॉक्टरांचं नमुना १-अ मधलं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे ओळखीचा डॉक्टर न तपासता सही देतो, हे सर्रास चालतं. तसं करू नका. तीच तपासणी खरी करून घेतली तर धाग्यातला निम्मा प्रश्न सुटतो.

रानवाटा

काका, हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही नीट मांडलंत. तपासणी खरी होणार असेल तर माझा विरोध नाही.

तोक्योकर

जपानमध्ये बरीच वर्षं आहे. इथे हा प्रश्न घरोघरी आहे, म्हणून लिहितो. एप्रिल २०१९ मध्ये तोक्योच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या एका चालकाने ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला आणि एक आई व तिची लहान मुलगी गेली. त्यानंतर देशभर चर्चा झाली आणि आपणहून परवाना परत करणाऱ्या वृद्धांची संख्या त्या वर्षी खूप वाढली. इथे सत्तरीनंतर नूतनीकरणाला खास वर्ग करावा लागतो, पंचाहत्तरीनंतर स्मरणशक्ती आणि आकलनाची चाचणी असते. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला तर गाडी थोपवणारी यंत्रणा इथल्या बऱ्याच गाड्यांत मिळते. तुमच्या बजेटमधल्या गाडीत ती मिळेल असं वाटत नाही, म्हणून ते काम सवयीने करावं लागेल.

चाळीस वर्षं क्लच दाबलेल्या डाव्या पायाची काळजी मला सर्वात जास्त वाटते. ऑटोमॅटिकमध्ये घाबरल्यावर तो पाय क्लच शोधतो आणि रुंद ब्रेक पेडलवर जोरात पडतो, गाडी जागच्या जागी थांबते आणि मागचा येऊन आदळतो. डावा पाय पहिल्या दिवसापासून बाजूच्या पायठेवणीवर, आणि ब्रेक व ॲक्सिलरेटर दोन्ही फक्त उजव्या पायाने. टाच जमिनीवर ब्रेकच्या समोर टेकलेली, ॲक्सिलरेटरसाठी फक्त चवडा फिरवायचा. चप्पल घालून चालवायची नाही, पातळ तळव्याचा, पायाला घट्ट बसणारा बूट. मोकळ्या मैदानात याचा सराव करा, आणि त्यात मुद्दाम "थांबा!" ओरडून ब्रेक लावायला लावा. सवय घाबरल्यावर कळते.

इलेक्ट्रिक गाडीचा विचार कोणी सुचवेल. गेअर नाहीत, चढावर सुंदर चालते, पेट्रोल पंपावर उतरावं लागत नाही. पण पेडल दाबताक्षणी पूर्ण जोर येतो, त्यामुळे चुकीचं पेडल दाबलं गेलं तर सावरायला वेळ कमी. घेतलीच तर सौम्य मोडवरच ठेवा.

चालक आजोबा

तोक्योकर, "थांबा" ओरडण्याची युक्ती मी उद्याच माझ्या मुलाकडून करून घेतो.

मानेबद्दल माझा अनुभव. मागचा कॅमेरा घ्याच, मागचे सेन्सर तर जुलै २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांत सक्तीचे आहेत. पण कॅमेऱ्याने मागचं दिसतं, बाजूचं नाही. बाहेरचे आरसे इतके बाहेर वळवा की आपल्याच गाडीची कड जेमतेम दिसेल. आरशावर चिकटवायचे छोटे फुगीर आरसे स्वस्तात मिळतात. तिरक्या रस्त्यावरून मुख्य रस्त्याला लागताना मान सर्वात जास्त लागते, तिथे गाडी शक्य तितकी काटकोनात उभी करून मग निघतो. आणि सिग्नल नसलेला उजवा वळसा टाळून डावी-डावी घेत जातो. दोन मिनिटं जास्त लागतात.

काचांमधले छताचे खांब जाड असलेली, खिडक्या अरुंद असलेली गाडी घेऊ नका. मोठ्या काचा असलेली, बॉनेट दिसणारी गाडी आमच्या वयाला हवी.

सातारकन्या

गेल्या आठवड्यात बरंच झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तपासण्या. दृष्टिक्षेत्र व्यवस्थित आहे, डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात. डॉक्टरांनी रात्री चालवू नका म्हणून सांगितलं आणि बाबांनी ते लगेच मान्य केलं, मला वाटलं होतं वाद होईल. तळपाय ठीक. रात्रीची एक नसांची गोळी होती, सकाळी तिची सुस्ती राहते का यावर डॉक्टर तिची वेळ बदलून बघताहेत. सर्जननी उजव्या गुडघ्याची ताकद तपासून परवानगी दिली.

मग शोरूम. या वेळी बाबा पुढे आणि मी मागे. टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी आणायला सांगितली, दोन ठिकाणी तयार झाले. मॅग्नाइट सीव्हीटी बाबांना चालवायला सर्वात आवडली, चढावर अगदी मऊ. पण आमच्या पोर्चमध्ये उभी केल्यावर भिंतीच्या बाजूने उतरताना त्यांना पाय तिरका करावा लागत होता. वॅगनआर एएमटीमध्ये अर्धा तास फिरून, पोवई नाक्याच्या भुयारी ग्रेड सेपरेटरमधून वर येऊन, समर्थ मंदिराचा चढ करून परत आले आणि दोन्ही पाय एकत्र बाहेर टाकून एका दमात उभे राहिले. आई बघत होती. ती म्हणाली, "हीच घ्या."

सीट त्यांच्या वाटीच्या बरोबर थोडी वर येते. डोकं कुठे लागत नाही. काचा मोठ्या आहेत. वॉकर घडी करून डिकीत सहज जातो, सीएनजी घेणार नाही म्हणजे ती जागा राहील. गेअर बदलताना जो किंचित झोल येतो त्याचं बाबांना काही वाटलं नाही, म्हणाले, मीही असाच बदलायचो. हिल होल्ड आहे. "पी" नाही, पण आतली फरशी सपाट असल्याने हँडब्रेक दोन-तीन दाते ओढला तरी पुरतो, आणि दादांची वर ओढून मग दाबायची युक्ती लागू पडली.

गवंडी येऊन बघून गेला. फाटकाचा उतार आतल्या बाजूला चार फूट लांबवणार आणि व्हरांड्याच्या पायरीला कठडा बसवणार. भिंतीकडचा तुळशीकट्टा आईने स्वतःहून मागच्या अंगणात हलवायला सांगितला. दार आता बऱ्यापैकी उघडेल, गाडी नाकानेच आत घालायची आणि आई पायरीशी उतरणार.

एक शेवटचं विचारायचं राहिलं. आईला डाव्या पुढच्या सीटवर बसवताना बाबांना वाकून तिचे पाय आत घ्यावे लागतात. त्यांच्या गुडघ्याला आणि कमरेला तेही नको. काही उपाय?

नाशिकची फिजिओ

अभिनंदन! निवड छान झाली.

आईंसाठी सीटवर एक गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी अंथरा, त्यावर बसून त्या सहज फिरतील. फिरून झालं की पिशवी काढून घ्यायची, प्रवासात ठेवायची नाही. पाय उचलायला लांब ओढणीसारखा पट्टा तळपायाखालून घेऊन त्या स्वतःच ओढू शकतात, दोन-तीन दिवसांत जमेल. बाबांनी वाकायचं नाही, फक्त दार धरून उभं राहायचं.

कोल्हापूर गॅरेज

वॅगनआरलाच पुढच्या प्रवासी सीटसाठी बाहेरच्या बाजूला फिरणारी सीट कंपनीने २०२५ च्या अखेरीस आणली आहे, वेगळं किट म्हणून शोरूममधून बसवून मिळते. सुरुवातीला मोजक्याच शहरांत होती. पुण्यात विचारा. बुकिंगच्या आधी विचारा म्हणजे डिलिव्हरीलाच बसवून मिळेल का ते कळेल, आणि नोंद-विम्याचं काय ते लेखी घ्या. बसवण्याआधी आईंना एकदा तीत बसवून बघा, दार पूर्ण उघडल्याशिवाय ती फिरत नाही. तुमच्या पायरीपासून दाराला पुरेशी जागा राहते का ते गवंडी काम संपवायच्या आत मोजा. पायरी सहा इंच मागे घ्यावी लागली तर आत्ताच घेता येईल.

सातारकन्या

दादा, उद्या सकाळी टेप घेऊन मोजते. गवंडी सोमवारी येतोय.